ताय ची: यांग घराण्याचा क्लास की चंग मान-चिंगच्या शिष्यांचा?

न्यूयॉर्क-न्यूजर्सीकडे राहून ताय ची शिकायचं ठरवलं की शोधाशोध करता करता बहुतेकांचं गाडं या दोन पर्यायांवर येऊन अडतं. एक, यांग कुटुंबाच्या परंपरेतला क्लास. दोन, चंग मान-चिंगच्या शिष्यांपैकी कुणाकडे तरी शिकलेल्या माणसाचा क्लास. चेन आहे, वू आहे, या ताय चीच्या दुसऱ्या शैली, पण ते मी फक्त यूट्यूबवर बघितलंय त्यामुळे त्यावर बोलत नाही. बॅलन्स सुधारतो, झोप लागते, बीपीला बरं असतं वगैरेही सोडून देतो, ते वाचूनच तुम्ही इथवर आला असणार. मी दोन्हीकडे शिकलोय आणि आता एकाच ठिकाणी जातो.

आधी खानदान बघू. दोन्ही परंपरांच्या क्लासमध्ये बहुधा फोटो एकाच माणसाचा सापडतो, यांग चंगफू (1883–1936), चांगला धिप्पाड गृहस्थ. त्याचे आजोबा यांग लुछान हे हनान प्रांतातल्या चेनजियागोउ गावी चेन कुटुंबाकडे शिकले आणि मग बीजिंगमध्ये शिकवायला लागले, तिथून यांग स्टाइल सुरू. आज बागेत जे सावकाश, मोठ्या हालचालींचं ताय ची दिसतं त्यावर या नातवाची छाप आहे. म्हणजे तुम्ही कुठलाही क्लास निवडा, मूळ पुरुष तोच. भांडण आहे ते त्याच्या नंतरच्या पिढीपासून.

यांग कुटुंबाची बाजू सरळ आहे. चंगफूचा मुलगा यांग झेनदुओ, त्याने थाययुआनमध्ये वर्षानुवर्षं शिकवलं, 2020 मध्ये वारला. त्याचा नातू यांग जुन 1990च्या दशकाच्या शेवटी सिॲटलला आला आणि त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना तिथून चालते. वर एक जिवंत माणूस आहे, ठरलेला अभ्यासक्रम आहे, 103 हालचालींचा लाँग फॉर्म (फॉर्म म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायची हालचालींची मालिका) आहे, गरुड-वाघ-ड्रॅगन अशा टप्प्यांत विभागलेल्या नऊ लेव्हल आहेत, परीक्षा आहेत. ज्यांना आपण कुठपर्यंत आलो हे कागदावर दिसायला लागतं त्यांच्यासाठी हे फार सोयीचं, आणि यात कमीपणा काही नाही. फक्त एक लक्षात ठेवा, झेनदुओचा जन्म 1926चा. वडील गेले तेव्हा पोरगं दहा वर्षांचं. त्यामुळे पुढचं बरंचसं शिक्षण थोरल्या भावांकडून झालेलं. रक्ताचं नातं म्हणजे थेट बापाच्या हाताखाली तयार झाला असा अर्थ लोक काढतात, तो तेवढा सरळ नाहीये. सराव त्या माणसाचा जबरदस्तच होता, त्याबद्दल वाद नाही.

दुसरी बाजू म्हणजे चंग मान-चिंग. वनझौकडचा, चित्रकार, कवी, सुलेखनकार, वैद्य, आणि ताय ची. या पाच गोष्टींत पारंगत म्हणून त्याची ख्याती. चंगफूच्या नावावर 1934 मध्ये पुस्तक आलं त्याला याची प्रस्तावना आहे, तेव्हा हा यांगचा शिष्यच नव्हता असं कुणी ठासून सांगायला लागलं तर तेवढं मनावर घेऊ नका. लाँग फॉर्ममध्ये त्याच त्या हालचाली पुन्हा पुन्हा येतात, त्या काढून त्याने 37 पोश्चरचा छोटा फॉर्म केला. 1949 नंतर तैवान, आणि 1964 मध्ये न्यूयॉर्क, चायनाटाउनमध्ये बावरी रस्त्यावर शाळा. साठच्या दशकातली लांब केसवाली अमेरिकन पोरं तिथे यायची, जुन्या चिनी मंडळींना ते फारसं रुचलं नव्हतं म्हणतात. एड यंग, जो लहान मुलांच्या पुस्तकांचा नावाजलेला चित्रकार, तो तिथे शिकायचा आणि चंगचं बोलणं इंग्रजीत सांगायचाही. मॅगी न्यूमन त्याच शाळेतल्या. विल्यम सी. सी. चेन तैवानमध्येच त्याच्याकडे राहून शिकलेले, मग न्यूयॉर्कला स्वतःची शाळा काढली आणि फॉर्मही स्वतःचा केला, 60 हालचालींचा. बेन लो सॅन फ्रान्सिस्कोला. 1975 मध्ये चंग गेला आणि वर कुणीच उरलं नाही. संघटना एक नाही, परीक्षा नाही, जो तो आपापल्या गुरूचं नाव सांगतो.

आपल्याकडे गाण्यात गंडा बांधलेला शागीर्द वेगळा आणि चार बैठका ऐकून 'मी अमुक घराण्याचा' म्हणणारा वेगळा, तसंच इथे आहे. चिनी परंपरेत गुरूपुढे रीतसर वाकून, चहा देऊन शिष्य व्हायचा विधी असतो. पण वेबसाइटवर 'अमुक यांच्या परंपरेत' एवढंच लिहितात, आणि त्यात रोज सकाळी गुरूसमोर उभा राहिलेला पण बसतो आणि एक वीकएंड वर्कशॉप केलेला पण बसतो.

फॉर्ममधला फरक थोडक्यात. यांग कुटुंबाकडे मनगट थोडं बसवलेलं, बोटं वर, पवित्रा लांब आणि रुंद, जागा भरपूर लागते. चंगकडे मनगट सरळ आणि सैल, त्याला ते 'सुंदर स्त्रीचा हात' म्हणतात, पवित्रा आखूड, पाठ ताठ. फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफा न सरकवता होतं. दिसायला लाँग फॉर्म भारी दिसतो हे मान्य.

आता ज्याने माझं ठरलं ते सांगतो. मी जिथे लाँग फॉर्म शिकायचो तिथे भिंतीवर पिढ्यांचा तक्ता होता, छान फ्रेम केलेला, पण आठवड्याचे क्लास वेगवेगळे इन्स्ट्रक्टर घ्यायचे. ब्रश नी नावाची हालचाल आहे, सगळ्यांना माहीत असते. डावा पाय पुढे, वजन त्याच्यावर, आता पुढचं पाऊल टाकायचं तर आधी त्या पायाचा चवडा बाहेर वळवायला लागतो. सोमवारवाले सांगायचे मागे बस, वजन काढ, चवडा उचलून वळव, मग पुढे जा. गुरुवारवाले म्हणायचे मागे अजिबात बसायचं नाही, वजन तिथेच ठेवून कमरेने वळव. झालं, सोमवारी पक्कं केलेलं गुरुवारी खोडायचं आणि गुरुवारचं सोमवारी, आणि माझा गुडघा मध्ये कटकट वाजतोय. यांग चंगफूच्या शिष्यशाखांत दोन्ही रीती आहेत, म्हणजे चूक दोघांचीही नव्हती, पण दोघंही मला सांगायचे की मूळ परंपरा हीच. का असं विचारलं की उत्तर एकच, वरून कुणी येतील तेव्हा वर्कशॉपमध्ये विचारू. आणि वर्कशॉपला शंभर माणसं, तिथे माझ्या चवड्याकडे बघायला कुणाला वेळ असणार. बरं ते दोघं इन्स्ट्रक्टर एकमेकांबरोबर कधी सराव करताना मी तरी पाहिले नाहीत. तक्ता एक, शिकवणी दोन. हे मला भयंकर खुपायला लागलं, फी पेक्षा, पार्किंगपेक्षा, सगळ्यापेक्षा जास्त. एका क्लासवरून मी अख्ख्या यांग कुटुंबाला नावं ठेवत नाहीये, दुसऱ्या गावात एकाच चांगल्या माणसाकडे हाच फॉर्म शिकणारे माझ्या ओळखीत आहेत आणि ते खूश आहेत.

चंगच्या परंपरेतला जो क्लास मिळाला तो चर्चच्या तळघरात, माणसं मोजकी, भिंतीवर काही नाही. बाई वयस्कर, चंगच्या थेट शिष्याकडे बरीच वर्षं शिकलेल्या, आणि प्रत्येक क्लास स्वतः घेतात. तोच चवड्याचा प्रश्न मी त्यांना विचारला. त्यांनी उत्तर दिलंच नाही, मला त्या पोजमध्ये थांबवलं, माझ्या कंबरेच्या हाडावर तळवा ठेवला आणि अगदी हलकं ढकललं. मी गेलो ना तोल जाऊन. मग मागे बसवलं, चवडा वळवायला लावला, परत तेवढंच ढकललं, या वेळी धक्का सरळ मागच्या टाचेत उतरल्यासारखा वाटला. "आता दुसऱ्या रीतीने कर आणि मला ढकलायला सांग," म्हणाल्या. मला एवढंच पाहिजे होतं. पुश हँड्स, म्हणजे जोडीने एकमेकांना ढकलत तोल अजमावायचा सराव, त्या सुरुवातीपासून करून घेतात, आणि त्यात चंगचं ते प्रसिद्ध तत्त्व, हरण्यात गुंतवणूक करा, म्हणजे ताकद लावून जिंकू नका, आधी ढकलून घ्या. आयटीतल्या माणसाला हे पचायला जरा वेळ लागतो.

सगळं गोड नाही तिथेही. चंगला सगळे 'प्रोफेसर' म्हणतात, आणि कुठलाही वाद 'प्रोफेसर असं करायचे' म्हटलं की संपतो, जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये मनगट किती अंशात आहे यावर दोन भल्या माणसांना अर्धा तास बोलताना ऐकलंय. ही बाई उद्या रिटायर झाली तर पुढे कोण, याचं उत्तर नाही. सर्टिफिकेट तर विसराच, चार वर्षं जाऊन हातात कागद काही येणार नाही. आणि ज्याच्या मागे संघटना नाही तिथे भामटा ओळखायची जबाबदारी तुमच्यावर येते.

तरी मला विचाराल तर, घराजवळ चंगच्या परंपरेतलं बरं माणूस असेल तर आधी तिकडे जाऊन बघा. माझं मत आहे, तुमचा गुडघा वेगळा असू शकतो. पुढे भारतात परत जाऊन शिकवायचा विचार असेल तर मात्र कुटुंबाच्या संघटनेचा कागद कामाला येईल, तिथे मी तुम्हाला अडवणार नाही.

ट्रायल क्लासला गेलात की इन्स्ट्रक्टरला गुरू कोण हे विचारूच नका, ते वेबसाइटवर असतं. त्यांच्यासमोर आठवड्यातून किती वेळा उभे राहायचात आणि किती वर्षं, हे विचारा. पुश हँड्स स्वतः गुरूंबरोबर केलेत का विचारा. दर क्लासला तुम्हीच असता का विचारा. उत्तर द्यायला जो वैतागत नाही तो बहुतेक ठीक असतो. आणि हो, एखादा कोपर हाताने सरळ करून दाखवतो की लांबूनच आरशातून सांगतो हेही बघून ठेवा.

शस्त्रांची आवड असेल तर अजून एक. सरळ तलवार दोन्हीकडे शिकवतात, पण वाकडं एकधारी पातं, ज्याला ते सेबर म्हणतात, ते चंगच्या बहुतेक क्लासमध्ये मिळत नाही. त्यासाठी यांग कुटुंबाकडेच जावं लागेल, माझ्या क्लासमधले दोघं त्याच कारणाने तिकडे गेलेत आणि पुश हँड्सला अजून आमच्याकडे येतात.