खान्देशातील तरुण रॅपरने कंपनीशी करार करावा की स्वतंत्र राहावे?

जळगाव, भुसावळ किंवा धुळ्याच्या एखाद्या दाट वस्तीत वाढलेल्या, दिवसा गॅरेजमध्ये राबून रात्री वहीत ओळी लिहिणाऱ्या मुलाची दोन-तीन गाणी यूट्यूबवर चालू लागली की, त्याच्यापुढे लवकरच एक प्रस्ताव येतो. खान्देशी गाण्यांचे मोठे चॅनेल चालवणारी एखादी कंपनी गाणे घेण्याची तयारी दाखवते, व्हिडिओचा खर्च उचलते आणि काही रक्कम रोख देऊ करते. दुसरा मार्ग म्हणजे सगळे स्वतः करणे. हा आढावा अशा मुलासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी लिहिला आहे. कारण घरात ओढाताण असताना समोर आलेली रोख रक्कम नाकारण्याचा भार त्याच्या एकट्यावर टाकणे अन्यायाचे आहे.

कंपनीची बाजू आधी पाहू, कारण ती पोकळ नाही. खान्देशी गाण्यांचा श्रोता केवळ तीन जिल्ह्यांत नाही. कामधंद्यासाठी सुरत, नाशिक आणि पुण्याला गेलेल्या कुटुंबांत हीच गाणी हळदीला आणि वरातीत डीजेवर वाजतात. हा श्रोता कंपनीच्या चॅनेलवर तयार असतो. चांगला कॅमेरा, संकलन आणि लग्नसराईतील कार्यक्रमांच्या ओळखीही तिच्याकडे असतात. मात्र कंपनीला काय खपते हेही पक्के ठाऊक असते. नळाला चार दिवसांआड येणारे पाणी, पोलीस चौकीतली रात्र किंवा रखडलेले घरकुल यांवर लिहिणाऱ्याला तिथे बहुतेक वेळा हळदीचे गाणे लिहायला सांगितले जाते. हळदीच्या गाण्यात कमीपणा मुळीच नाही. पण ज्याला वस्तीबद्दल बोलायचे आहे, त्याचा आवाज पहिल्याच वर्षी दुसरीकडे वळतो.

स्वतंत्र मार्गाचे कष्ट वेगळे आहेत. आपल्याकडे बहुतेक घरगुती स्टुडिओ म्हणजे दुकानावरची एक खोली, भिंतींना टांगलेल्या गाद्या, एक माइक आणि एक संगणक. टेक चालू असताना पंख्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते, म्हणून तो बंद करावा लागतो, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना बंद खोलीत सोळा बार्स, म्हणजे रॅपच्या ओळी, एका दमात म्हणणे ही शारीरिक मेहनतच असते. त्यानंतर मिक्सिंग, पोस्टर, रील आणि डिस्ट्रिब्युटरमार्फत गाणे सर्व ॲप्सवर टाकणे, हे सारे स्वतःच्या गाठीचे पैसे मोडून करावे लागते.

उत्पन्नही सावकाश सुरू होते. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी १,००० सबस्क्रायबर लागतात, आणि त्यांच्या जोडीला गेल्या बारा महिन्यांत ४,००० तासांचा वॉच टाइम किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज लागतात. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखादे गाणे बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले गेले नसेल, तर त्याचे पैसेच मोजले जात नाहीत. पहिली काही वर्षे घर चालवायला ॲप्सचे पैसे पुरणार नाहीत, हे घरच्यांना आधीच सांगितलेले बरे. त्या काळात आधार मिळतो तो मंचाचा: १४ एप्रिलच्या भीमजयंतीचे कार्यक्रम, गणेश मंडळे, महाविद्यालयांची स्नेहसंमेलने.

मग स्वतंत्र राहून मिळते काय? मालकी. शेत बटाईने देणे आणि त्याचे खरेदीखत करून देणे यांतला फरक आपल्याकडे लहान मुलालाही कळतो. गाण्याच्या बाबतीत मात्र तो सहीच्या वेळी विसरला जातो. माझ्या पाहण्यात आलेल्या एका करारात, स्टॅम्प पेपरवरच्या इंग्रजी मजकुरात, गाण्याचे सर्व हक्क कायमचे आणि जगभरासाठी दिल्याचे एकाच वाक्यात लिहिले होते, आणि सही करणाऱ्या मुलाला ते वाक्य कोणी मराठीत समजावून सांगितलेले नव्हते.

कायदा येथे कलाकाराच्या बाजूने बराच उभा आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ नुसार हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीनिशी असावा लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरला जातो. करारात वेगळे काही नसल्यास, कंपनीने वर्षभरात हक्क वापरले नाहीत तर तेही संपतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर शब्द आणि चाल यांच्या रॉयल्टीतला कर्त्याचा समान वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. तो वारसांकडे किंवा रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडेच जाऊ शकतो. पण ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे मास्टरचा, हक्क निर्मात्याचा असतो आणि तो प्रसिद्धीपासून ६० वर्षे टिकतो. स्वतःच्या पुढाकाराने आणि जबाबदारीवर गाणे ध्वनिमुद्रित केले तर तो निर्माता तुम्हीच असता. त्याचप्रमाणे करारात तुम्हाला ‘नोकर’ ठरवणारे कलम असेल तर अधिक सावध राहावे, कारण नोकरीत केलेल्या कामाच्या हक्कांचा पहिला धनी बहुधा नोकरी देणाराच ठरतो.

स्वतंत्र मुलांची मोठी चूक बीटच्या, म्हणजे रॅपखाली वाजणाऱ्या तयार संगीताच्या, बाबतीत होते. नेटवरून उतरवलेल्या बीटवर गाणे चालले की मूळ बीटवाल्याचा दावा येतो आणि पैसे अडकतात, म्हणून परवाना आणि पावती जपून ठेवावी.

मुंबई-पुण्याच्या रॅपरांचे दाखले या निर्णयात उपयोगी पडतात. कुर्ल्याच्या नेझीचे २०१४ मधील पहिले गाजलेले गाणे आयपॅडवर चित्रित झाले होते. अंधेरीच्या जे. बी. नगरचा डिव्हाइन आधी वस्तीच्या गाण्यांनी ओळखला गेला, मग सोनी म्युझिककडे गेला आणि २०१९ मध्ये त्याने गली गँग ही स्वतःची कंपनी काढली. पुण्याच्या ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन २०२३ मध्ये बिग बॉस जिंकला, तेव्हा त्याचे श्रोते त्याने आधीच जमवलेले होते. माझ्या मते यातला क्रम महत्त्वाचा आहे: ओळख आधी, करार नंतर. श्रोते स्वतःचे असलेला मुलगा वाटाघाटी करू शकतो; नसलेल्याला मिळेल त्या अटीवर सही करावी लागते.

अहिराणीत गावे की हिंदीत, याचे उत्तर सोपे आहे: ज्या भाषेत तुम्ही चौकात भांडता त्या भाषेत. मोठ्या शहरात जाण्याची घाईही नको. तिथे भाडे भरण्यातच लिहिण्याचा वेळ जातो.

म्हणून माझा सल्ला असा की, पहिली सात-आठ गाणी स्वतःच्या चॅनेलवर आणि स्वतःच्या मास्टरवर काढावीत. त्यानंतर कंपनी आलीच, तर एकेका गाण्याचा करार करावा, मुदत तीन ते पाच वर्षे लिहावी, पुढील गाण्यांवर हक्क देऊ नये आणि चॅनेलचा पासवर्ड कोणालाही देऊ नये. घरात आजारपण किंवा कर्जफेड अशी निकड असेल तर एक गाणे कायमचे विकणेही चुकीचे नाही. फक्त ते एकच गाणे असल्याचे करारात नावानिशी लिहून घ्यावे. शब्द आणि चाल यांच्या रॉयल्टीसाठी आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सदस्यत्व दोन्ही मार्गांवर घ्यावे, आणि सहीपूर्वी कागद घरी आणून वकिलाकडून मराठीत वाचून घ्यावा. कंपनी त्यासाठी दोन दिवसही थांबायला तयार नसेल, तर तो करार करू नये.