टो हिच बसवून घेताना झालेली फसवणूक : मोठी गाडी आणि ट्रेलर बाळगणाऱ्यांनी अवश्य वाचावे

नवा कोरा, 'क्लास फोर' दर्जाचा, 10,000 पौंड वजन ओढू शकणारा टो हिच (ट्रेलर ओढण्यासाठी गाडीच्या मागे बसवायची पोलादी चौकट) म्हणून एका गॅरेजने पूर्ण पैसे घेतले आणि प्रत्यक्षात माझ्या गाडीला दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा जुना, कापून जोडलेला आणि वरून काळा रंग फासलेला हिच बसवला. शिवाय ट्रेलरच्या ब्रेकसाठी जे उपकरण लावल्याचे पावतीवर दाखवले होते, त्याची तार गाडीच्या मागच्या टोकापर्यंत नेलीच नव्हती. हा प्रकार अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात घडला. गॅरेजचे नाव येथे देत नाही, कारण तक्रारीची कारवाई अजून संपलेली नाही.

गाडी 2006 सालची टोयोटा लँड क्रूझर आहे. अमेरिकेत 1998 ते 2007 या काळात विकल्या गेलेल्या 100 सिरीजमधली, 4.7 लिटरच्या व्ही-एट इंजिनाची. गाडी दणकट असली तरी ओढण्याच्या वजनाची तिची मर्यादा कंपनीने 6,500 पौंड अशी स्पष्ट लिहून दिलेली आहे. मी ती जुनी घेतली तेव्हा तिला मागे हिच नव्हता. आम्हाला कुटुंबासह राहता येईल असा छोटा कॅम्पिंग ट्रेलर ओढायचा होता आणि सामानासकट त्याचे कमाल वजन 5,000 पौंड होते. म्हणजे गाडीच्या मर्यादेत सारे व्यवस्थित बसत होते आणि एक चांगला हिच व ब्रेकची जोडणी एवढेच काय ते काम होते.

ज्यांना या प्रकाराची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टो हिच ही गाडीच्या चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, बोल्टने घट्ट आवळलेली पोलादी चौकट असते. तिच्या मध्यभागी चौकोनी नळी असते, तिला रिसीव्हर म्हणतात. मोठ्या गाड्यांना बहुधा 2 इंची रिसीव्हर असतो. त्यात बॉल माउंट सरकवून आडवी खीळ घालतात, माउंटवर लोखंडी गोळा म्हणजे बॉल असतो आणि त्या बॉलवर ट्रेलरचा कपलर, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाची पकड, बसतो. यातील प्रत्येक भागावर त्याची क्षमता छापलेली असते, आणि गाडी, हिच, माउंट, बॉल व कपलर या सगळ्यांत ज्याचा आकडा सर्वांत लहान तोच आपल्यापुरता खरा आकडा. क्लास थ्रीचे हिच साधारण 8,000 पौंडांपर्यंत आणि क्लास फोरचे 10,000 पौंडांपर्यंतचे म्हणून विकले जातात. तथापि 20,000 पौंडांचा हिच लावला तरी 6,500 पौंडांची गाडी 6,500 पौंडांचीच राहते.

आता गॅरेजविषयी. त्याची जाहिरात आपल्याच लोकांच्या व्हॉट्सअॅप गटांतून फिरत होती आणि मालक मराठी बोलणारे होते. परदेशात आपल्या भाषेत बोलणारा मेकॅनिक भेटला की माणूस निम्मा निर्धास्त होतो, हे त्यांना पुरेपूर ठाऊक होते. "अहो, तुम्ही आपलीच माणसं, तुमच्याकडून जास्त घेऊन मी कुठे जाणार?" हे वाक्य मी तेथे माझ्याशी आणि इतर दोन गिऱ्हाइकांशी बोलताना ऐकले. हिचच्या क्षमतेचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, "आता बघा, ही गाडी दहा हजार पौंड आरामात ओढेल." गाडीच्या पुस्तकात 6,500 लिहिले आहे, असे मी म्हणताच त्यांनी हसून उत्तर दिले, "कंपन्या लिहितातच हो तसं, वॉरंटीच्या भीतीनं." जो विक्रेता हिच लावल्याने गाडीची ताकद वाढते असे सांगतो, त्याला एक तर विषय कळत नाही किंवा कळूनही तो खोटे बोलत असतो. माझ्या बाबतीत दुसरी गोष्ट खरी होती.

त्यांच्या बोलण्यात आणखी एक खुबी होती. अस्सल हिचवर क्षमतेचे दोन वेगवेगळे आकडे असतात: एक साध्या बॉलवर वजन घेण्याचा आणि दुसरा, मोठा, ट्रेलरचे वजन पुढच्या चाकांपर्यंत वाटून देणारी वेगळी दांड्यांची रचना लावल्यावरचा. विकताना नेहमी मोठा आकडा सांगितला जातो. त्याचप्रमाणे ट्रेलरचा जो भार प्रत्यक्ष बॉलवर खाली दाबतो तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के असावा लागतो. तो कमी पडला तर ट्रेलर मागे शेपटीसारखा डोलू लागतो आणि जास्त झाला तर गाडीचे पुढचे टोक उचलले जाऊन स्टिअरिंग हलके पडते. माझ्या ट्रेलरसाठी हा भार किमान 500 पौंड धरायला हवा होता, आणि तो गाडीतील माणसांच्या व सामानाच्या वजनातच मोजायचा असतो. याविषयी त्या गॅरेजमध्ये कोणीही एक अक्षर काढले नाही. ट्रेलरचे वजन किती, हा प्रश्नसुद्धा मला विचारला गेला नाही.

काम संध्याकाळी उरकून गाडी हाती दिली. मागून पाहिले तर सारे झकास दिसत होते: काळा कुळकुळीत रिसीव्हर, त्यावर 'क्लास फोर, 10,000 पौंड' असे चकचकीत स्टिकर, शेजारी सात खाचांचे विजेचे सॉकेट आणि डॅशबोर्डखाली हिरवा दिवा दाखवणारे ब्रेक कंट्रोलर, म्हणजे ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवणारे उपकरण. पावतीवर हिच, वायरिंग, कंट्रोलर आणि मजुरी असे सगळे मिळून सुमारे 1,400 डॉलर लावले होते आणि हिचसमोर 'नवीन' असा शब्द लिहिला होता. पुढे तोच शब्द त्यांना महागात पडला.

बिंग फुटले ते स्टेपनीमुळे. या लँड क्रूझरची स्टेपनी मागच्या बाजूला गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते आणि हँडल फिरवून साखळीने खाली सोडावी लागते. लांबच्या प्रवासाआधी तिच्यातली हवा तपासावी म्हणून मी ती सोडू लागलो, तर ती निम्म्यावर येऊन हिचच्या आडव्या नळीला अडकली. जो हिच या गाडीसाठी बनवलेला असतो तो स्टेपनीला वाट ठेवूनच बनवलेला असतो. ही नळी चार बोटे पुढे, भलत्याच जागी होती. म्हणजे रस्त्यात टायर फुटला असता तर स्टेपनी असून नसल्यासारखीच होती.

त्यानंतर मी गाडी ट्रेलर दुरुस्त करणाऱ्या दुसऱ्या एका जुन्या, जाणत्या मेकॅनिककडे नेली. त्याने गाडी लिफ्टवर चढवली, टॉर्च लावला आणि सर्वांत आधी बोल्टची डोकी पाहिली. मजबूत बोल्टच्या डोक्यावर खूण असते: इंची मापाच्या ग्रेड 5 बोल्टवर तीन रेघा, ग्रेड 8 वर सहा, आणि मेट्रिक बोल्टवर 8.8 किंवा 10.9 असे आकडे. माझ्या हिचचे एकूण एक बोल्ट गुळगुळीत डोक्याचे होते, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारे. त्याने नखाने रंग खरवडला तेव्हा खाली गंजाचे पापुद्रे निघाले. चासीला टेकणाऱ्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मूळ हिचच्या नव्हत्याच. जुन्या पट्ट्या कापून तेथे नवे तुकडे वेल्ड केले होते आणि तो सांधा ग्राइंडरने घासून रंगाखाली दडवला होता. जुन्या पट्टीचे एक रिकामे छिद्र तर वेल्डिंगच्या धातूने बुजवलेले स्पष्ट दिसत होते. चकचकीत स्टिकरवर बनवणाऱ्या कंपनीचे नाव नव्हते, भाग क्रमांक नव्हता आणि हिच ज्या मानकानुसार तपासले जातात त्या एसएई जे684 चा (एसएई ही वाहन अभियंत्यांची संस्था) उल्लेखही नव्हता. स्टिकर कोणालाही छापून मिळते, असे तो शांतपणे म्हणाला.

पण मला खरा हादरा बसला तो त्याने सॉकेट उघडल्यावर. सात खाचांच्या सॉकेटमध्ये पांढरी तार अर्थिंगची, काळी बॅटरीच्या बारा व्होल्टची, आणि निळी तार ट्रेलरच्या विजेवर चालणाऱ्या ब्रेकची असते. माझ्या सॉकेटच्या मागे निळी तार वीतभर लांब होती आणि तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती कशालाही जोडलेली नव्हती. पुढे कंट्रोलरचा हिरवा दिवा इमानेइतबारे लागत होता, कारण त्याला गाडीतून वीज मिळत होती. मात्र ब्रेक दाबल्यावर मागे ट्रेलरपर्यंत काहीच पोचणार नव्हते. इंडिकेटर आणि ब्रेकचे दिवे चालत असल्याने वरवर तपासणाऱ्याला संशय येण्याचे कारणच नव्हते. पाच हजार पौंडांचा ट्रेलर घेऊन आय-80 महामार्गावर सात हजार फुटांवरच्या डॉनर पासवरून उतरताना, ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांना कॅलिफोर्नियात असलेली ताशी 55 मैलांची मर्यादा पाळली असती तरी, सगळा भार एकट्या गाडीच्या ब्रेकवर आला असता. ते तापून निकामी झाल्यावर काय झाले असते याची कल्पना ज्याची त्याने करावी. हिचच्या किमतीत फसवणे ही चोरी झाली, पण ती निळी तार अर्धवट सोडणे याला मी चोरी म्हणू शकत नाही, त्याला त्याहून कडक शब्द हवा.

मालकांना फोटो दाखवले तेव्हा पहिले उत्तर आले की माल कंपनीकडूनच तसा आला असेल. दुसऱ्या दिवशी "कामगाराचं काम आहे, मला माहीतच नव्हतं" असे झाले. शेवटी, अर्धे पैसे परत देतो पण कोठेही तक्रार करणार नाही असे लिहून द्या, असा प्रस्ताव आला. तो मी नाकारला. कॅलिफोर्नियात वाहनदुरुस्ती करणाऱ्या गॅरेजांची नोंदणी ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर या राज्य कार्यालयाकडे असावी लागते, काम सुरू करण्याआधी लेखी अंदाजपत्रक द्यावे लागते आणि वापरलेला भाग जुना असेल तर पावतीवर तसे नमूद करावे लागते. येथे तर पावतीवर 'नवीन' लिहिले होते. या कार्यालयाकडे तक्रार विनामूल्य नोंदवता येते. ते स्वतः पैसे परत देण्याचा हुकूम काढू शकत नाही, मात्र मध्यस्थी करते आणि गॅरेजच्या नोंदणीवर कारवाई करू शकते. तक्रार दाखल झाल्याचे कळताच हिचचे आणि कंट्रोलरचे पैसे माझ्या कार्डावर परत आले. मजुरीचे आणि वायरिंगचे पैसे अजून यायचे आहेत. ते न आल्यास स्मॉल क्लेम्स, म्हणजे लहान रकमेच्या दाव्यांच्या, न्यायालयात जाणार आहे. तेथे व्यक्तीला 12,500 डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो.

दुसऱ्या मेकॅनिकने नवा हिच बसवला तो गाडीचे साल आणि मॉडेल घालून कंपनीच्या यादीतून निवडलेला. तो चासीच्या मूळ छिद्रांतच बसला, कोठेही ड्रिल किंवा वेल्डिंग करावे लागले नाही. बोल्ट 10.9 चे होते आणि ते टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) सूचनापत्रकातल्या आकड्याप्रमाणे आवळताना त्याने मला शेजारी उभे केले. पैसे घेण्याआधी त्याने स्टेपनी पूर्ण खाली सोडून पुन्हा वर चढवून दाखवली.

बे एरियात अशाच व्हॉट्सअॅप जाहिरातीवरून ज्यांनी हिच बसवून घेतला असेल त्यांनी ट्रेलर जोडण्याआधी गाडी एकदा लिफ्टवर चढवून बोल्टची डोकी पाहावीत आणि स्टेपनी खाली येते का ते पाहावे. ब्रेकची खात्री करण्यासाठी ट्रेलर जोडून एखाद्या मोकळ्या पार्किंगमध्ये ताशी 20-25 मैलांच्या वेगाने जावे आणि गाडीचा ब्रेक न दाबता फक्त कंट्रोलरची हाताने दाबायची कळ दाबावी. ट्रेलरने गाडीला मागे खेचल्याचे जाणवले पाहिजे. ते जाणवले नाही, तर सॉकेट उघडून निळी तार कोठवर गेली आहे ते पाहावे, आणि ती अर्धवट आढळल्यास काढून टाकण्याआधी तिचे फोटो घ्यावेत, कारण तक्रारीत तेच उपयोगी पडतात.