नवे बूट, जुनं बाइंडिंग: जुळवून घ्यावं की बदलावं?

स्नोबोर्डचे नवे बूट घालून घरात तास-दोन तास वावरून झालं. टाच उचलली जात नाही, बोटं पुढे हलकी टेकतात, म्हणजे बूट जमले. आता अडतं ते बाइंडिंगपाशी, म्हणजे बूट बोर्डाला धरून ठेवणाऱ्या चौकटीपाशी. इथून तीन वाटा निघतात: आहे तेच बाइंडिंग जुळवून घ्यायचं, तसंच पण दुसऱ्या मापाचं घ्यायचं, नाहीतर पाऊल ठेवताच अडकणाऱ्या प्रकाराकडे वळायचं. माझं मत आधीच सांगून टाकते. बहुतेकांचं पहिल्या वाटेवर भागतं, पण बुटाची रुंदी बाइंडिंगला मानवली तरच. लांबी स्क्रू ड्रायव्हरने जुळवता येते. रुंदीला मात्र इलाज नाही.

बुटावरच्या आकड्यावर जाऊ नका. मोंडो मापात 27 म्हणजे 27 सेंटिमीटर लांबीचं पाऊल; तो आकडा बुटाच्या आतल्या जागेचा आहे. बाइंडिंगला आतलं काही कळत नाही, त्याला बाहेरचं कवच आणि सोल लागतो. एकाच आकड्याचे दोन बूट शेजारी ठेवलेत तर एक आटोपशीर आणि दुसरा चांगलाच फुगीर निघू शकतो. म्हणून माप तेच असूनही नवा बूट जुन्या बाइंडिंगमध्ये बसत नाही, आणि कधी एक माप मोठा बूट निमूट बसतो.

आधी टेबलावर बघा

बाइंडिंग बोर्डावरून काढून टेबलावर ठेवा, दोन्ही स्ट्रॅप बाहेर पसरा, बूट आत ठेवा आणि टाच मागे ठोका. आता वाकून बाजूने बघा. टाचेचा खालचा भाग हीलकपला, म्हणजे टाचेमागच्या गोल कडीला, भिडलाय का? खाली भिडलाय आणि वर हायबॅकपाशी (पोटरीमागच्या उभ्या पाठीपाशी) फट आहे, तर काळजी नको. तो हायबॅकच्या झुकावाचा प्रश्न आहे, मापाचा नाही. पण टाच मागे पोचण्याआधीच बूट दोन्ही बाजूंच्या भिंतींत आवळला जात असेल, तर जुळवाजुळवीचा नाद सोडा.

हे मी एकदा ऐकलं नाही. नवे बूट जरा रुंद होते, पण पाय आपटला की टाच आत जायची, म्हणून तसंच चालवलं. तीन दिवसांनी बुटाच्या दोन्ही कडांना, चवड्याच्या सर्वांत रुंद भागापाशी, रबरावर घासून चकचकीत रेघा पडल्या होत्या. टाचेकडच्या कडेवर वळताना बोर्ड क्षणभर उशिरा ऐकायचा, कारण पाय आपटून आत बसवलेली टाच उतारावर थोडी पुढे सरकायची. ते बाइंडिंग शेवटी बदलावंच लागलं, आणि बुटावरच्या रेघा राहिल्या त्या राहिल्याच.

उलट बाजूही तपासा. स्ट्रॅप सैल असताना बूट डावी-उजवीकडे डुलत असेल, तर बाइंडिंग मोठं आहे. स्ट्रॅप आवळून ते डुलणं लपतं, जात नाही.

जुनंच जुळवायचं तर

क्रम महत्त्वाचा आहे: हीलकप, मग पुढचं गॅस पेडल, मग स्ट्रॅप, मग बोर्डावर मध्य साधणं, आणि हायबॅकचा झुकाव अगदी शेवटी.

बऱ्याच बाइंडिंगचा हीलकप दोन्ही बाजूंचे स्क्रू सैल केले की मागे-पुढे सरकतो. दोन्हीकडे सारख्याच खुणेवर आणा, नाहीतर टाच तिरकी बसते. गॅस पेडल म्हणजे बोटांखालची उताराची पट्टी. ती सोलच्या पुढच्या वळणापर्यंत पोचली पाहिजे. आखूड राहिली की बोटांकडच्या कडेवर जोर देताना बुटाचा पुढचा भाग अधांतरी राहतो.

सगळ्यात जास्त चुका मध्य साधताना होतात. हीलकप अर्धा सेंटिमीटर मागे नेला, की बूटही बोर्डावर तेवढाच मागे जातो. आधी टाच आणि बोटं दोन्ही कडांबाहेर सारखी येत असतील, तर आता टाच जास्त बाहेर येणार. म्हणून पुन्हा मोजायचं, आणि मोजायचा तो बूट, बाइंडिंग नव्हे. दोन्हीकडे सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर बाहेर आलं तरी सहसा चालतं. फरक दोन बाजूंत नको. बाइंडिंग बोर्डाला जखडणाऱ्या मधल्या डिस्कच्या खाचा बोर्डाच्या लांबीत असतील तर ती नव्वद अंशांनी फिरवून बसवा, मग बाइंडिंग टाचेकडे-बोटांकडे सरकवता येतं. बदल्यात दोन पायांमधलं अंतर बारीक जुळवायची सोय जाते. बूट मध्यावर आणूनही बोटं बर्फात घासत असतील, तर दोष बाइंडिंगचा नाही, बोर्डच पायाला अरुंद आहे.

घोट्याच्या स्ट्रॅपची गादी पायाच्या उंचवट्यावर मधोमध हवी. आवळल्यावर दातेरी पट्टीचे दोन-तीनच दाते रॅचेटमध्ये (पट्टी आवळणाऱ्या खटक्यात) अडकत असतील तर स्ट्रॅप लांब करा. पट्टी संपून रॅचेट गादीला टेकत असेल तर आखूड करा. बोटांचा स्ट्रॅप बुटाच्या टोकावर टोपीसारखा बसवायचा असेल, तर त्याने बूट मागे हीलकपमध्ये ओढला पाहिजे. नुसता वर सटकत असेल तर तो जरा लांब आहे. नुसती दातेरी पट्टी झिजली म्हणून अख्खं बाइंडिंग टाकू नका, ती सुटी मिळते.

स्क्रूंना पोझिड्राइव्हचं तीन नंबरचं टोक वापरा. साध्या फुलीच्या टोकाने डोकी खराब होतात. स्क्रू घट्ट धरून ठेवणारं द्रव लावू नका, त्यातली काही द्रवं प्लॅस्टिकला तडे पाडतात.

दुसरं घ्यायचं तर

रुंदी जमत नाही, हीलकप शेवटच्या खुणेवर जाऊनही बूट मध्यावर येत नाही, बेसप्लेटला (बुटाखालच्या तळाला) तडा आहे: या तिन्हींपैकी एक जरी खरं असलं तरी बदला. तडा गेलेलं बाइंडिंग मी मित्रालाही देणार नाही. दोन मापांच्या मधोमध सापडलात तर खोक्यावरच्या तक्त्यापेक्षा बूट सोबत नेऊन वरची टेबलावरची परीक्षा तिथेच करा, आणि ज्यात बूट बाजूंनी अंगाबरोबर बसेल ते घ्या. स्ट्रॅपला सरकायला दोन्हीकडे जागा उरली पाहिजे. बोर्डाची भोकंही बघून ठेवा. चार भोकांच्या नक्षीवर बसणारी डिस्क सर्रास मिळते, पण बर्टन कंपनीचं ईएसटी बाइंडिंग फक्त चॅनलच्या, म्हणजे भोकांऐवजी लांब खाच असलेल्या, बोर्डावर बसतं.

पाऊल ठेवताच अडकणारं

इथे बूट आधी घेऊन बसलात, तर निम्मा निर्णय झालेलाच आहे. बर्टनचं स्टेप ऑन 2017 मध्ये बाजारात आलं. त्यात बूट बोटांपाशी दोन ठिकाणी आणि टाचेपाशी एका ठिकाणी अडकतो, स्ट्रॅप नाहीत. पण त्यासाठी बूटही त्याच पद्धतीचेच लागतात. नवे बूट साधे असतील तर ही वाट बंद. चांगले जमलेले बूट सोडून तिकडे जाऊ नका. साध्या बुटांना चालणारे प्रकारही आहेत: मागून पाय घालायचं फ्लो, आणि निडेकरचं सुपरमॅटिक. बसून स्ट्रॅप आवळायचा कंटाळा असेल, कंबर-गुडघे कुरकुरत असतील, तर ही खरी सोय आहे. मात्र यात स्ट्रॅप एकदाच लावून ठेवायचे असतात, त्यामुळे सुरुवातीची जुळणी नेमकी लागते. जास्त आवळले तर हायबॅक बंद होत नाही, सैल राहिले तर टाच उचलते. साध्या बाइंडिंगमध्ये ही चूक रॅचेटचा एक दाता पुढे घेऊन निस्तरते, म्हणून बूट अजून नवे असताना मी स्वतः साधेच स्ट्रॅप निवडेन.

कारण नवा बूट फार दिवस नवा राहत नाही. आतलं अस्तर पहिल्या काही दिवसांत दबतं, पाऊल आत थोडं सैलावतं. परवा घोट्यावर जिथे स्ट्रॅप घट्ट होत होता, तिथे आणखी एक-दोन दाते लागतात. हीलकप सहसा परत हलवावा लागत नाही, पण स्क्रू पहिल्या दिवशी दोन उतरणींनंतर एकदा तपासा, आणि तो छोटा स्क्रू ड्रायव्हर जॅकेटच्या खिशातच असू द्या.