लाँगमन प्रोनन्सिएशन डिक्शनरी: काही महिने वापरल्यानंतर

संध्याकाळी स्पोकन इंग्लिशचे वर्ग घेते. जॉन वेल्स यांचा हा इंग्रजी उच्चारांचा कोश (तिसरी आवृत्ती, २००८) घेतला तो एकाच दुखण्यासाठी: 'गुड-लुकिंग', 'ओल्ड-फॅशन्ड' असली जोडविशेषणं. मुलं दोन्ही तुकड्यांवर सारखाच जोर देतात. त्यांचा काय दोष? मराठीत जोर इकडचा तिकडे गेला म्हणून अर्थ बदलत नाही, त्यामुळे कान तिकडे जातच नाही.

खुणांची सवय व्हायला वेळ लागतो. वरची उभी रेघ मुख्य जोराची, खालची दुय्यम. 'गुड'आधी खालची, 'लुकिंग'आधी वरची, आणि शेवटी डावीकडे टोक असलेला इवलासा काळा त्रिकोण. पैसे वसूल होतात ते या त्रिकोणात! पुढे जास्त जोराचा शब्द आला की विशेषणातला जोर मागे सरकतो, एवढंच तो सांगतो. 'ही इज गुड-लुकिंग' म्हणताना 'लु' ठसठशीत. 'अ गुड-लुकिंग बॉय' म्हणताना 'गुड' आणि 'बॉय' उठून येतात, 'लु' दबतो. फळ्यावर समजावलं तर मुलं नुसत्या माना डोलावतात. बाकावर टिचक्या मारत म्हणून घेतलं की जमतं.

त्रिकोण नसणंही कामाचं. 'होमसिक'चा जोर 'होम'वरून हलत नाही. 'होममेड'चा असतो 'मेड'वर, पण 'होममेड जॅम' म्हटलं की पळाला 'होम'कडे. 'एअरटाइट', 'हार्टब्रेकिंग' पहिल्या गोटातले, 'ड्यूटी-फ्री', 'सेकंड-हँड' दुसऱ्या. अंदाजाने बोलण्यापेक्षा कोश उघडलेला बरा.

सिलॅबलच्या, म्हणजे शब्दातल्या एकेका उच्चार-तुकड्याच्या, तोडणीबद्दल मात्र मन अजून बसत नाही. वेल्स व्यंजन शक्यतो जास्त जोराच्या सिलॅबलला देतात, म्हणून 'ॲब्सेंट-माइंडेड'च्या शेवटी 'माइंड' आणि 'इड' अशी सुटी छपाई. केंब्रिजचा उच्चारकोश मध्ये टिंब देऊन 'माइन' आणि 'डिड' करतो. वेल्स यांचा मुद्दा कानाला पटतो: 'सेल्फिश'मध्ये 'एफ' पहिल्याच सिलॅबलात बसतो, म्हणून त्याआधीचा भाग 'शेलफिश'पेक्षा आखूड ऐकू येतो. पण वर्गात हा विषय काढला की तास गेलाच. मी तोडणी फक्त मोजायला वापरते. 'काइंड-हार्टेड' तीन, 'ओल्ड-फॅशन्ड'ही तीनच. 'फॅशनेड' करून चौथा घुसवायचा नाही.

फोनेटिक लिपी, म्हणजे उच्चार दाखवणारी चिन्हं, येत नसेल तर आधी ती शिका, नाहीतर कोश कपाटातच राहील. आणि जुनी प्रत घेताना सीडी आहे का ते विचारा. ब्रिटिश-अमेरिकन दोन्ही उच्चार तिच्यात ऐकायला मिळतात. मला विक्रेत्याने नुसतं पुस्तकच पाठवलं.