हाँगकाँगचं 'स्प्रिंग मून': जळगावकराच्या जिभेला कसं लागलं?

सराफीच्या धंद्यामुळे दागिन्यांच्या प्रदर्शनांना हाँगकाँगला जाणं-येणं असतं. पेनिन्सुला हॉटेलातल्या या कँटनी (म्हणजे दक्षिण चीनच्या कँटन भागातल्या पद्धतीच्या) रेस्टॉरंटात आता बऱ्यापैकी जेवून झालंय, म्हणून लिहितो.

पहिल्यांदा मोठे काका सोबत होते. वाफवलेला मासा आला, वर आलं, कांद्याची पात आणि थोडा सोया सॉस. एक घास घेऊन काका म्हणाले, "का रे भो, आठे मीठ टाकाले भुली ग्यात का?" शेवभाजीच्या तर्रीवर पोसलेल्या माणसाला हे पथ्याचं वाटणारच. पण मासा शिळा असेल तर लपवायला इथे मसालाच नाही, पहिल्या घासात कळतं. हे पटायला मला काही महिने लागले.

आता मी दुपारीच जातो. डिमसम, म्हणजे मोमोसारखे छोटे छोटे चिनी पदार्थ, तेव्हाच मिळतं आणि खिशाला चाटही कमी बसते. 'हार गाव' मागवाच. गव्हाच्या स्टार्चची पारी इतकी पातळ, की आतली गुलाबी कोळंबी दिसते. चुण्या मोदकासारख्या, पण एकाच बाजूला. गप्पा मारत बसू नका, गार झाली की पारी वातड होते. सोबत एक्सओ सॉस मागून घ्या: सुकवलेले शिंपले, सुकी कोळंबी, हॅम, लसूण, मिरची. तो आपल्याच स्वयंपाकघरात जन्मला असा हॉटेलचा दावा आहे. खरं-खोटं ते जाणोत, काकांची गाडी मात्र त्या वाटीमुळेच रुळावर आली.

चहात दूध-साखर विसरा. मी पुएर घेतो, तोंडातला तेलकटपणा जातो. कुणी कपात चहा ओतला की टेबलावर दोन बोटं टकटकवायची, झाले आभार मानून. किटली संपली की झाकण तिरकं ठेवायचं, म्हणजे ती पुन्हा भरून द्यायची खूण.

हॉटेल १९२८ चं. १९४१ च्या नाताळात ब्रिटिश गव्हर्नरने जपान्यांपुढे शरणागती पत्करली ती इथेच. रेस्टॉरंटला थाट जुन्या शांघायचा, रंगीत काचा वगैरे.

आपल्या सराफ बाजारातल्या शाकाहारी मंडळींसाठी महत्त्वाचं: कँटनी पद्धतीत साधी पालेभाजीसुद्धा बऱ्याचदा कोंबडीच्या नाहीतर हॅमच्या पाण्यात शिजते, वर ऑयस्टर सॉस असतो तो वेगळाच. म्हणून टेबल बुक करतानाच स्पष्ट सांगा, जैन असाल तर कांदा-लसणाचंही. 'सिउ माय' नावाच्या डिमसममध्ये डुकराचं मांस असतं. बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज धरलेला असतो, वेगळी टिप ठेवायची गरज नाही. आणि चपला घालून जाऊ नका.