पर्ड्यू आउल: पहिला निबंध परत आल्यावर मला उपयोगी पडलेली वेबसाइट

मी बार्शी तालुक्यातली. नऊ वर्षं माविमच्या, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, लोकसंचालित साधन केंद्रात सहयोगिनी होते. बचत गटांच्या बैठका, बँकेची कर्जप्रकरणं, वर्षअखेरचे अहवाल, सगळं लिहून हात बसलेला. म्हणून चौतिसाव्या वर्षी पुण्यात एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, प्रवेश घेतला तेव्हा धास्ती इंग्रजीची होती, लिहिण्याची नव्हती.

पहिल्या सत्रात बचत गट आणि महिला सक्षमीकरण या विषयावर निबंध द्यायचा होता. ग्रंथालयातून पुस्तकं आणली, आवडलेल्या ओळी वहीत उतरवल्या, त्या एकीला एक जोडल्या आणि दहा पानं इंग्रजीत टाइप करून दिली. शेवटी पुस्तकांची यादीही जोडली. निबंध परत आला तो तपासणीच्या अहवालासकट. ५४ टक्के मजकूर आधीच कुठेतरी छापलेल्या मजकुराशी जुळत होता. आणि पहिल्याच पानावर मॅडमनी लिहिलं होतं, "यात तुमचं म्हणणं कुठे आहे?"

मला फार लागलं ते. मी चोरी केली नव्हती. बीएला असताना पुस्तकातली भाषा जशीच्या तशी उतरली की सर शाबासकी द्यायचे, मुद्दे अधोरेखित केले की दोन मार्क जास्त मिळायचे. मी तेच केलं होतं. इथे वेगळं काही अपेक्षित आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत 'लेखन एपीए पद्धतीने करावे' एवढी एक ओळ, बस्स. एपीए म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन, त्यांनी संदर्भ द्यायची एक पद्धत ठरवली आहे, तिची सातवी आवृत्ती सध्या चालू आहे, हे सगळं मला नंतर कळलं.

हॉस्टेलमधल्या एका मुलीने पर्ड्यू आउलचं नाव सांगितलं. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात पर्ड्यू विद्यापीठ आहे. तिथे विद्यार्थ्यांना लिहिण्यात मदत करणारी एक लॅब १९७६ पासून चालते, आणि १९९४ पासून तिचं साहित्य इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुलं आहे. ऑनलाइन रायटिंग लॅब, तिची आद्याक्षरं जोडून आउल. पैसे नाहीत, नाव नोंदवायचं नाही, ओटीपी नाही. मी गेलं वर्षभर ती वापरते आहे, म्हणून हे लिहिते.

मी उघडलेलं पहिलं पान होतं दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत कसं मांडायचं याचं. मला वाटायचं, शब्द बदलले की झालं. समजा पुस्तकात वाक्य आहे: "बचत गटांमुळे ग्रामीण महिलांची सावकारी पाशातून मुक्तता झाली व त्यांच्या निर्णयक्षमतेत लक्षणीय वाढ झाली." मी लिहायची: "बचत गटांमुळे खेड्यातल्या बायकांची सावकारापासून सुटका झाली आणि त्यांची निर्णयशक्ती बरीच वाढली." ग्रामीणचं खेड्यातल्या, मुक्ततेचं सुटका. प्रामाणिकपणे मला ते माझं वाक्य वाटायचं.

आउलच्या त्या पानावर सहा पायऱ्या दिल्या आहेत, आणि माझ्यासाठी दुसरी पायरी सगळ्यात मोलाची ठरली. आधी उतारा पूर्ण कळेपर्यंत वाचायचा, मग तो बाजूला ठेवायचा आणि न बघता लिहायचं. त्यानंतर हे टिपण आपल्याला कशासाठी लागणार आहे ते खाली दोन शब्दांत नोंदवायचं, मूळ उताऱ्याशी ताडून बघायचं, लेखकाचा खास शब्द घेतला असेल तर अवतरणचिन्ह द्यायचं, आणि कुठून घेतलं ते तिथल्या तिथे लिहून ठेवायचं.

मी पुस्तक मिटून गादीखाली ठेवलं आणि लिहायला बसले. पहिली दहा मिनिटं काहीच सुचलं नाही. मग लक्षात आलं, मला तो उतारा कळलाच नव्हता, फक्त आवडला होता. पुन्हा वाचला. या वेळी लिहिलं ते असं: "लेखकाच्या मते गटाचे दोन परिणाम दिसतात. कर्जासाठी सावकाराच्या दारात जावं लागत नाही, आणि घरातल्या निर्णयात बाईचं मत धरलं जातं. पहिला परिणाम मी काम केलेल्या बहुतेक गटांत दिसतो. दुसरा मात्र सगळीकडे दिसत नाही." लेखकाचं आडनाव आणि पुस्तकाचं वर्ष कंसात त्यांच्या मताच्या शेवटी दिलं, माझ्या मताच्या आधी. मॅडम ज्याला माझं म्हणणं म्हणत होत्या, ते त्या शेवटच्या वाक्यात होतं. मी काही मुद्दाम शोधायला गेले नव्हते, पुस्तक मिटलं तेव्हा ते आपोआप वर आलं.

त्याच विभागात एक नमुना उतारा आहे. त्याची आपल्या शब्दांत केलेली योग्य मांडणी, चालेल असा सारांश, आणि चौर्य ठरेल असं रूप, तिन्ही एकाखाली एक ठेवली आहेत. ते तिसरं रूप वाचताना माझं मला कळलं, माझा अख्खा निबंध असाच होता. हे नुसतं नियम सांगून कधीच पटलं नसतं.

संदर्भ का द्यायचा हे मात्र मला आउलने नाही, माझ्या जुन्या कामाने शिकवलं. गटाच्या इतिवृत्तात ठराव लिहिताना आम्ही नेहमी सूचक कोण, अनुमोदक कोण ते लिहायचो. एखादीने सुचवलं की पापड उद्योगाला कर्ज द्यावं, तर तिचं नाव लिहिल्याशिवाय ठराव पुरा व्हायचा नाही. उद्या वाद झाला तर कुणाचं म्हणणं काय होतं ते वहीत सापडलं पाहिजे. हेच निबंधात करायचं आहे. पुस्तकवाला सूचक, दुसरा अभ्यासक अनुमोदक, आणि ठराव आपला. हे डोक्यात बसल्यावर कंसातली आडनावं मला ओझं वाटेनाशी झाली.

इथे एक गोष्ट सांगते, कारण वर्गातले बरेच जण यात गोंधळतात. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, वाङ्मयचौर्याचे नियम २०१८ चे आहेत. त्यात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. संदर्भसूची आणि नीट संदर्भ देऊन घेतलेलं अवतरण यात धरत नाहीत. वर्गातले निबंध आणि असाइनमेंट या नियमांत येत नाहीत, म्हणून माझे ५४ टक्के एका शेऱ्यावर निभावले. तोच जर शेवटच्या वर्षाचा प्रबंध असता तर माझं एक वर्ष गेलं असतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे प्रवेशाच्या दिवशीच सांगायला हवं.

आता मुख्य विधानाबद्दल. सगळ्या निबंधाचा भार ज्या एका वाक्यावर असतो, त्याच्यासाठी आउलवर वेगळं पान आहे. विश्लेषण करणारा निबंध, समजावून सांगणारा निबंध आणि बाजू मांडणारा निबंध, तिघांचं मुख्य विधान वेगळं असतं हे तिथे उदाहरणांसह दिलं आहे. माझं पहिलं विधान होतं, "बचत गटांमुळे महिला सक्षम होतात." त्या पानाप्रमाणे तपासलं तर यावर कुणी वाद घालणार नाही आणि दहा पानांत ते सिद्धही करता येणार नाही. मी ते चार वेळा बदललं. शेवटी उरलं ते असं: कर्ज बाईच्या नावावर निघालं तरी त्यातून काय घ्यायचं हे गटाच्या बैठकीत ठरतं की घरी, यावर तिचा निर्णयातला वाटा ठरतो. हे वाक्य मी कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही. एका बाईच्या नावावरच्या कर्जातून नवऱ्याने मोटारसायकल घेतली होती आणि हप्ता ती दुसऱ्याच्या रानात खुरपून भरत होती. ते मी तीन वर्षं बघितलं, आणि ते शब्दांत मांडायला मला या पानाची मदत झाली.

परिच्छेद कसा बांधायचा, दुरुस्ती कशी करायची याचीही पानं आहेत. परिच्छेदाचं सूत्र मी वाचलं आणि सोडून दिलं, ते फार साचेबंद वाटलं. दुरुस्तीचं मात्र रोज वापरते. आधी मोठ्या गोष्टी बघायच्या: विधान, वाचक, मांडणीचा क्रम, पुरावा पुरेसा आहे का. व्याकरण आणि स्पेलिंग शेवटी. मी उलट करायचे. एकेका वाक्याचं इंग्रजी सुधारत रात्र घालवायची आणि मग तो अख्खा परिच्छेदच काढून टाकावा लागायचा. लिहून झालेल्या मजकुराचा उलटा आराखडा करायला तिथे सांगितलं आहे, म्हणजे प्रत्येक परिच्छेदाच्या बाजूला त्यात काय आहे ते चार शब्दांत लिहायचं. तो केला तेव्हा दिसलं की तिसऱ्या आणि सातव्या पानावर मी एकच गोष्ट सांगितली होती.

एपीएचा संपूर्ण नमुना निबंधही तिथे आहे, बाजूला टिपांसकट. विद्यार्थ्यांचा वेगळा आणि संशोधकांचा वेगळा. मुखपृष्ठावर काय, ओळींत अंतर किती, तीन किंवा जास्त लेखक असतील तर पहिल्याचं आडनाव देऊन पुढे 'आणि इतर' कसं लिहायचं, हे सगळं एका जागी बघायला मिळतं. मी तो ग्रंथालयातून छापून घेतला. पानं चुरगळली आहेत पण अजून जवळ आहे.

आता जे कमी पडतं ते.

सगळं इंग्रजीत आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला पहिले पंधरा दिवस ते जड जातं. उदाहरणं अमेरिकेतली आहेत. मुख्य विधानाच्या पानावर तिथल्या कॉलेजप्रवेशाचं आणि समुपदेशकांचं उदाहरण आहे, ते समजून घेण्यातच माझा अर्धा तास गेला. पानं इतकी आहेत की बाजूच्या यादीत माणूस हरवतो, आणि मोबाइलवर तर फारच. नव्या विद्यार्थ्याने कुठून सुरुवात करावी हे पटकन कळत नाही. मला विचाराल तर आधी सहा पायऱ्यांचं पान, मग मुख्य विधानाचं, मग नमुना निबंध. बाकी सगळं लागेल तेव्हा.

मराठी पुस्तकाचा संदर्भ इंग्रजी निबंधात कसा द्यायचा हे मला तिथे शोधूनही नीट मिळालं नाही. ते ग्रंथपालांनी सांगितलं: शीर्षक रोमन लिपीत लिहायचं आणि लगेच चौकटी कंसात त्याचं इंग्रजी भाषांतर द्यायचं. शासन निर्णयांचं तर विचारूच नका. आमच्या विषयात दर दुसऱ्या पानावर जीआर येतो, आणि त्याचं काय करायचं हे अमेरिकेतली वेबसाइट कशी सांगणार? विभागाचं नाव, क्रमांक, दिनांक आणि विषय, असं आम्ही मॅडमना विचारून ठरवलं.

आणखी एक अडचण मुलाखतींची. खाजगी संभाषणाचा संदर्भ फक्त मजकुरात, नाव आणि तारखेसह द्यायचा, शेवटच्या यादीत नाही, हे वाचून मी गटातल्या बायकांची नावं निबंधात टाकणार होते. मॅडमनी थांबवलं. आपण स्वतःच्या अभ्यासासाठी ज्यांच्या मुलाखती घेतो त्यांना हा नियम लागू होत नाही, त्यांची ओळख झाकायची असते. ज्या बाईच्या कर्जाची मोटारसायकल झाली तिचं नाव छापलं गेलं असतं तर तिच्या घरी काय झालं असतं, या विचाराने आजही पोटात गोळा येतो. वेबसाइट कितीही चांगली असली तरी समोर बसून वाचणारं माणूस लागतंच. पर्ड्यूच्या विद्यार्थ्यांना ते त्यांच्या लॅबमध्ये मिळतं. आपल्याकडे प्रत्येक कॉलेजात आठवड्यातून दोन तास तरी असं कुणी बसावं, असं मला मनापासून वाटतं.

पाचपैकी चार तारे. एक कमी केला तो भाषेसाठी आणि यादीतल्या गर्दीसाठी. ज्यांना इंग्रजीत असाइनमेंट द्यायचे आहेत, मग ते समाजकार्य असो, मानसशास्त्र असो की शिक्षणशास्त्र, त्यांनी पहिलं असाइनमेंट लिहायच्या आधी ही वेबसाइट बघावी. मी शेरा मिळाल्यावर बघितली. मराठीत लिहिणाऱ्यांनाही सहा पायऱ्या तितक्याच लागू पडतात.

दुसरा निबंध मी नऊ पानांचा दिला. साम्य ७ टक्के आलं, त्यातलं बरंचसं संदर्भसूचीचं. मॅडमनी मोटारसायकलच्या परिच्छेदाशेजारी पेन्सिलने रेघ ओढून लिहिलं होतं, "हे अजून वाढवा, प्रबंधाचा विषय होईल." सध्या तेच करते आहे. सहा पायऱ्या मराठीत लिहून खोलीच्या दारामागे चिकटवल्या आहेत. यंदा आलेल्या दोघी मुली, एक उदगीरची आणि एक परांड्याची, त्या उतरवून घेऊन गेल्या.