चार ट्यूनरचं हॉपॉग कार्ड, मुक्काम एडिसन, न्यू जर्सी

केबल बंद केल्यावर न्यूयॉर्कची फुकट चॅनेलं पकडायला हॉपॉग कंपनीचं विनटीव्ही-क्वाडएचडी हे टीव्ही कार्ड घेतलं. डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या आत, पीसीआयई स्लॉट नावाच्या खाचेत बसतं. अँटेनाचं सॉकेट एकच, पण आत ट्यूनर, म्हणजे चॅनेल पकडणारे भाग, चार! मुलगा जायंट्सची मॅच लाइव्ह बघतो, तेव्हाच माझ्या बातम्या आणि हिचा पीबीएस या सार्वजनिक चॅनेलवरचा स्वयंपाकाचा कार्यक्रम मुकाट रेकॉर्ड होतात. एकट्या माणसाला मात्र यूएसबीचा साधा ट्यूनर पुरे.

हार्ड डिस्क मोठी ठेवा. प्रसारण एमपेग-२ या जुन्या, जागा खाणाऱ्या व्हिडिओ पद्धतीत येतं. एका स्टेशनचा पूर्ण प्रवाह सेकंदाला १९.३९ मेगाबिट, म्हणजे तासाला साडेआठ जीबीच्या वर.

खरी गोम अँटेनात आहे. इथली ७ आणि १३ नंबरची चॅनेलं अजून व्हीएचएफवरच, म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सीवरच, आहेत, आणि खिडकीला चिकटवायचा तो चपटा पापड तिथे मान टाकतो. कार्डाला शिव्या घालण्याआधी व्हीएचएफ पकडणारा अँटेना माळ्यावर लावून बघा.

एटीएससी ३.० हे अमेरिकेतलं नवं प्रसारण तंत्र हे कार्ड पकडत नाही. मला त्याचं सोयरसुतक नाही, त्यातली बरीच चॅनेलं तशीही एन्क्रिप्शननं कुलूपबंद असतात.

आणि हो, पुण्याच्या भावासाठी वगैरे नेऊ नका. दूरदर्शनचं अँटेनावरचं डिजिटल प्रसारण डीव्हीबी-टी२ या वेगळ्याच पद्धतीवर चालतं, ते हे अमेरिकेतलं कार्ड पकडत नाही.